नकलेची नक्कल

आमच्या घरच्या यंत्राला आम्ही ‘व्हिडिओ गेम’ म्हणायचो. त्यात खुपसायच्या पिवळ्या प्लॅस्टिकच्या डबीला कॅसेट आणि हातात धरायच्या बटणांच्या पट्टीला रिमोट. एवढ्या तीन शब्दांवर सबंध बालपण निघालं. कॅसेट लागली नाही, पडद्यावर नुसतेच रंगीत चौकोन आले, की ती उपसायची, तिच्या पितळी दातांवर फुंकर मारायची आणि पुन्हा दाबून बसवायची. फुंकरीने काही होत नसे. काढून परत बसवल्यामुळे दात नीट टेकत आणि श्रेय फुंकरीला जाई. उलट तोंडाच्या ओलाव्याने दात हळूहळू काळे पडत. हे कळायला मला वीस वर्षं लागली, आणि कळल्यावरही सवय गेली नाही. मध्यंतरी टीव्ही बॉक्सला पेनड्राइव्ह लावण्याआधी मी त्यावर फुंकर मारली, तेव्हा मुलगी माझ्याकडे बघतच राहिली.

पुण्याच्या तपकीर गल्लीतून घासाघीस करून आणलेल्या त्या यंत्रावर निन्टेंडो हे नाव कुठेही नव्हतं. ते बिघडलं तेव्हा मी चार स्क्रू काढून आत डोकावलो. एवढ्या मोठ्या खोक्यात तळहाताएवढी हिरवी पाटी आणि तिच्या मधोमध काळ्या लाखेसारखा एक गोळा. बाकी सगळी हवा! त्या गोळ्याखाली, एकाच चिपवर, १५ जुलै १९८३ रोजी जपानात विक्रीला आलेला निन्टेंडोचा फॅमिकॉम दाटीवाटीने बसवलेला होता. अमेरिकेत तो १९८५ साली एनईएस या नावाने गेला. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी आल्या त्या त्याच्या नकला. ‘९९९९ इन वन’ असं छातीठोकपणे छापलेल्या कॅसेटमध्ये खरे गेम वीस-पंचवीस, आणि पुढे तेच गेम नाव बदलून पुन्हा पुन्हा. मारिओ, कॉन्ट्रा, रोड फायटर, सर्कस चार्ली, बदकं मारायचा डक हंट. म्हणजे यंत्र नकली, कॅसेट नकली, आणि आठवण मात्र शंभर टक्के अस्सल.

हे पुस्तक टीव्हीच्या स्ट्रीमिंग बॉक्सवर जुने गेम चालवण्याबद्दल आहे. या विषयावरची इंग्रजी माहिती वाचताना मला एक गोष्ट सतत बोचत आली. तिथे सगळा भर ‘अस्सलसारखं’ या शब्दावर असतो. मूळ यंत्रात जसं दिसे तसं, जसं ऐकू येई तसं. पण मूळ यंत्र पाहिलंच नाही अशा माणसाने काय करायचं? त्याला नक्कल करायची आहे ती नकलेची. हा फरक वरवर गमतीचा वाटतो. प्रत्यक्षात तो सेटिंगच्या पानापर्यंत येऊन पोचतो, आणि त्याकडे मी थोड्या वेळाने येईन.

आधी इम्युलेटर म्हणजे काय ते. इम्युलेटर हा बहुरूपी आहे. फौजदाराचं सोंग घेऊन दारात उभा राहणारा बहुरूपी नुसता खाकी कपडा घालत नाही. बोलणं, दरडावणं, मिशीला पीळ देणं, सगळं फौजदाराचं करतो, आणि घरातलं लहान मूल खरंच घाबरतं. इथे घाबरवायचं असतं ते जुन्या गेमला. आपण फॅमिकॉमवरच चालतो आहोत अशी त्याची शेवटपर्यंत खात्री राहिली पाहिजे. त्या फॅमिकॉमची ऐपत किती? प्रोसेसरचा वेग १.७९ मेगाहर्ट्झ आणि कामाची मेमरी दोन किलोबाइट. १९८५ चा सुपर मारिओ ब्रदर्स हा सबंध गेम ४० किलोबाइटचा; व्हॉट्सअॅपवर येणारं शुभ सकाळचं गुलाबाचं फूलही बहुधा त्याहून जड असतं. जागा वाचवायची म्हणून मारिओतले ढग आणि झुडपं ही एकाच आकाराची आहेत, फक्त रंग निराळे. एकदा हे दिसलं की नंतर दुसरं काही दिसत नाही.

आज दोन-तीन हजारांत मिळणाऱ्या बॉक्समध्ये दीड गिगाहर्ट्झचे चार प्रोसेसर असतात. म्हणजे प्रत्येकाचा वेग आठशे पटींहून जास्त. मग ओढाताण होते कशाला? कारण सोंग हे मूळ कामापेक्षा नेहमीच महाग पडतं. फॅमिकॉममध्ये प्रोसेसर, चित्राची चिप आणि आवाज ही तिघं एकाच ठेक्यावर, एकाच वेळी चालत; प्रोसेसरच्या एका ठोक्याला चित्राची चिप तीन ठिपके पुढे जाई. बॉक्सला ही तिघांची कामं आळीपाळीने करून ती एकाच वेळी झाल्याचा आभास निर्माण करावा लागतो. त्यातून जुन्या गेमकर्त्यांनी टीव्हीचा किरण पडद्यावर नेमका कुठे पोचला आहे हे मोजून डाव साधलेले. ठोका चुकला की वरची गुणांची पट्टी थरथरते.

या कलेचं खरं वर्ष १९९७. त्या वर्षीच्या ५ फेब्रुवारीला इटलीच्या निकोला साल्मोरियाने मेम हा इम्युलेटर प्रसिद्ध केला आणि एप्रिलमध्ये एनईएसचा इम्युलेटर नेस्टिकल आला. दोघांचे स्वभाव सुरुवातीपासून वेगळे. नेस्टिकल हा उनाड पोरगा: साध्या डॉसच्या पीसीवर भरधाव पळायचा, बारकाव्यांची पर्वा करायचा नाही, आणि म्हणून घराघरांत पोचला. मेम हा दप्तरखान्यातला कारकून. नाणं टाकून खेळायच्या यंत्रांच्या आत काय होतं याची नोंद ठेवणं हे आपलं काम, खेळता येणं हा त्याचा आनुषंगिक फायदा, अशी त्याची भूमिका. ही दोन घराणी आजही आहेत. फक्त चिजा वाढल्या आहेत.

जानेवारी १९९९ मध्ये वेगवाल्या घराण्याने मोठी उडी मारली. निन्टेंडो ६४ हे तेव्हा बाजारात चालू असलेलं यंत्र. अल्ट्राएचएलई या इम्युलेटरने ते पीसीवर चालवून दाखवलं. युक्ती अशी की प्रत्येक चिपचा प्रत्येक ठोका गिरवत बसायचं नाही. गेमला काय हवं आहे ते ओळखायचं आणि तेवढं आपल्या पद्धतीने करून द्यायचं. सोंगाड्याने संहिता पाठ न करता प्रसंग ओळखून वेळ मारून न्यावी, तसं. याच महिन्यात कनेक्टिक्स कंपनीने प्लेस्टेशनचा इम्युलेटर विकायला काढला आणि सोनी कोर्टात गेली. २००० साली अमेरिकेच्या नवव्या सर्किटच्या अपील कोर्टाने कनेक्टिक्सच्या बाजूने निकाल दिला: दुसऱ्याचं यंत्र उलगडून पाहणं आणि स्वतःचा, नवा लिहिलेला इम्युलेटर करणं हे बेकायदा नाही. आज आपण जे करतो त्याची कायदेशीर पायरी बरीचशी इथे घडली. आणि काळाचा न्याय बघा: २०१८ साली सोनीने प्लेस्टेशन क्लासिक नावाचं छोटं यंत्र काढलं, तर त्यात चालत होता पीसीएसएक्स रीआर्म्ड, म्हणजे हौशी मंडळींनी लिहिलेला मुक्त इम्युलेटर. निन्टेंडोचा २०१६ चा एनईएस क्लासिकही आतून एक स्वस्त आर्म चिप, लिनक्स आणि इम्युलेटर एवढाच आहे. खुद्द घराण्याचे मालकही आता सोंगच विकतात.

अचूकतावाल्यांचा मेरुमणी म्हणजे बीएसनेस. बायू या टोपणनावाच्या प्रोग्रॅमरने सुपर निन्टेंडोचा ठोकान्‌ठोका गिरवायचा ध्यास घेतला, आणि २०११ साली लेख लिहून सांगितलं की या छोट्या यंत्राची निर्दोष नक्कल करायला तीन गिगाहर्ट्झचा पीसी लागतो. लोक हसले होते. पण गाजलेल्या गेमपुरते दुरुस्त्या ठोकून चालवलेले जुने इम्युलेटर अडगळीतल्या गेमवर तोंडघशी पडत आणि बायूचा पडत नसे. तिसरं घराणं त्याहून कडवं. ते म्हणतं, सॉफ्टवेअर नकोच. पुन्हा जोडता येणाऱ्या चिपवर जुन्या सर्किटांची रचनाच उभी करा. २०१७ साली सुरू झालेला मिस्टर हा त्यांचा प्रकल्प. काम देखणं, पण त्याच्या किमतीत आपले कितीतरी बॉक्स येतील, म्हणून या पुस्तकात त्याला नमस्कार करून पुढे गेलो आहे.

आपल्या बॉक्सपर्यंत हे सगळं आणलं ते रेट्रोआर्कने. २०१० साली एसएसएनईएस म्हणून सुरू झालेल्या या प्रकल्पाने २०१२ मध्ये आजचं नाव घेतलं. कल्पना साधी: प्रत्येक इम्युलेटरला स्वतःचं दार-खिडकी कशाला? कंट्रोलर, आवाज, चित्र, मेनू हे एकदाच लिहा आणि इम्युलेटर त्यात ‘कोअर’ म्हणून सरकवा. त्याच वर्षी रास्पबेरी पाय आला, आणि टीव्हीच्या मागे चिकटवता येईल एवढ्या पाटीवर जुने गेम चालवणं हा घरगुती उद्योग झाला. २०१४ मध्ये गूगलने अँड्रॉइड टीव्ही जाहीर केला, अॅमेझॉनने फायर टीव्ही आणला. २०१५ चा एनव्हिडिया शील्ड आजही या कामाचा पहिलवान. पण माझं लक्ष पहिलवानाकडे नाही, अॅमलॉजिक चिपच्या त्या स्वस्त काळ्या डबीकडे आहे. ती आयपीएल आणि मालिका दाखवते, आणि उरलेला वेळ नुसती गरम होत बसते.

या डबीवाल्यांतही दोन पंथ आहेत. पहिला म्हणतो, अँड्रॉइड आहे तसं राहू द्या, त्यावर रेट्रोआर्क टाका. घरच्यांच्या मालिका बुडत नाहीत हा याचा मोठा गुण. दुसरा पंथ अँड्रॉइडला झोपवून मायक्रोएसडी कार्डावरून लक्का किंवा एमुएलेकसारखी, फक्त गेमसाठी बांधलेली लिनक्स व्यवस्था सुरू करतो. कार्ड काढलं की डबी पूर्ववत. दुसऱ्या पंथाची दीक्षा मोठी विचित्र आहे. आधी आपल्या चिपला लागू पडणारी फाइल शोधून, तिला ठरावीक नाव देऊन कार्डावर ठेवायची. मग पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरीसाठी असलेल्या गोल एव्ही भोकात टूथपिक घालायची. अनेक डब्यांत रिसेटचं बटण त्या भोकाच्या तळाशी लपवलेलं असतं. ते दाबून धरायचं, तसंच धरून पॉवर लावायची आणि पडद्यावर खूण दिसली की सोडायचं. माझ्या पहिल्या तीन टूथपिक मोडल्या. चौथ्या वेळी उदबत्तीची काडी वापरली.

पहिला पंथ सोपा दिसतो, तो दाखवायचे दात निराळे असल्यामुळे. मी घेतलेल्या एका बॉक्सवर ‘६४ बिट’ असं ठळक छापलं होतं आणि चिप खरोखरच ६४ बिटांची होती. वर बसवलेलं अँड्रॉइड मात्र ३२ बिटांचं. रेट्रोआर्कची ६४ बिटांची आवृत्ती त्यावर बसेना आणि का बसत नाही ते पडदा सांगेना. सबंध रविवार गेला. मग पेनड्राइव्ह. मी तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केला होता, आणि त्या बॉक्सला फॅट३२ शिवाय काही ओळखता येत नव्हतं. तो ओळखू लागला तर फाइल निवडायची खिडकीच गायब, कारण टीव्हीच्या अँड्रॉइडमधून ती बऱ्याचदा काढूनच टाकलेली असते. शेवटी फाइल मॅनेजर वेगळा टाकावा लागला. यातली एकही अडचण अवघड नाही. पण सगळ्या एकदम आल्या की माणूस बॉक्स परत पेटीत भरतो आणि ‘आपल्याला जमत नाही’ असं म्हणतो. पुस्तकाचा पहिला तिसरा हिस्सा अशाच कुरबुरींवर खर्च केला आहे, त्याबद्दल जाणकारांनी नाक मुरडू नये.

सगळं लागल्यावर एक तक्रार हमखास येते: ‘मारिओ उशिरा उडी मारतोय.’ तो चुकत नाही आणि आपलं वयही झालेलं नाही. नवा टीव्ही चित्र सजवण्यात वेळ घालवतो, ब्लूटूथ थोडा घालवतो, बॉक्स थोडा. टीव्हीचा ‘गेम मोड’ लावला की निम्मं दुखणं जातं. रेट्रोआर्कने २०१८ मध्ये आणलेली रनअहेड ही युक्ती उरलेलं कमी करते. ती गेमला गुपचूप एक-दोन फ्रेम पुढे पळवून पाहते. मात्र स्वस्त चिपला तिचं ओझं होतं. चित्र चौकोनी चारास-तीनच ठेवा, ताणू नका, एवढंच इथे विनवतो. ताणलेला मारिओ लग्नाच्या पंगतीतून उठल्यासारखा दिसतो.

आता तो राहिलेला, नकलेच्या नकलेचा मुद्दा. जपान-अमेरिकेचा टीव्ही सेकंदाला साठ वेळा चित्र रंगवत असे, आपला पाल पद्धतीचा टीव्ही पन्नास वेळा. युरोपसाठी निन्टेंडोने यंत्राची घडण बदलली. तैवानच्या नक्कलकारांनी मात्र वेगळी शक्कल काढली: आतला ठेका जपानी गेमना चालेल असा ठेवला आणि प्रत्येक चित्रानंतरची विश्रांती लांबवून पन्नासचा हिशोब जुळवला. रशियात १९९२ च्या अखेरीस विक्रीला आलेला डेंडी हा याच जातीचा, आणि त्याचं नाव इम्युलेटरांच्या यादीत कायमचं कोरलं गेलं. एफसीईयूएमएम या कोअरमध्ये प्रदेश निवडायला गेलात तर एनटीएससी, पाल आणि तिसरा ‘डेंडी’ असा पर्याय दिसेल. मी तो सहज म्हणून लावला. मारिओचं संगीत सहाव्या हिश्शाने संथ झालं, पट्टी जवळपास तीच, चाल जराशी जड. माझ्या अंगावर काटा आला. इतके दिवस ‘अचूक’ मारिओ ऐकताना काहीतरी घाईघाईचं वाटत होतं ते हेच. अस्सल यंत्राचा वेग माझ्या कानांना खोटा वाटत होता, आणि कुठल्यातरी परक्या प्रोग्रॅमरने नकलेचीही तितक्याच निष्ठेने नक्कल करून ठेवली होती.

कायद्याचं बोललं पाहिजे. इम्युलेटर कायदेशीर, पण गेमची फाइल म्हणजे रॉम ही कोणाची तरी मालमत्ता. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ प्रोग्रॅमची प्रत कायदेशीरपणे जवळ असणाऱ्याला राखीव प्रत करण्याची मुभा देतं. इथे आपली पंचाईत होते. माळ्यावरची पिवळी कॅसेट हा कायदेशीर ताबा म्हणायचा का? नाही, ती मुळातच चोरीची होती, आपल्याला लहानपणी कोणी सांगितलं नाही इतकंच. म्हणून या पुस्तकात रॉम कुठे मिळतात ते नाही. आपल्या मालकीच्या अस्सल काडतुसातून किंवा सीडीतून प्रत कशी काढायची ते आहे, आणि आजही नवे लिहिले जाणारे, मोफत किंवा रीतसर विकत मिळणारे गेम आहेत. २०१९ चा मायक्रो मेजेस जुन्या मारिओइतक्याच ४० किलोबाइटांत बसतो आणि चौघांना एकत्र खेळता येतो. गेमबॉयसाठीचा टोबू टोबू गर्ल तर मोफत आहे.

तरी कायद्याची बाजू पुरती समाधानकारक नाही. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ साली पाहणी केली, तेव्हा २०१० पूर्वी अमेरिकेत आलेल्या गेमपैकी ८७ टक्के गेम कुठेही विकत मिळत नाहीत असं दिसलं. आपलं उदाहरण घ्या. गावोगावच्या पार्लरमध्ये ‘मुस्तफा लागलाय का?’ असं विचारत पोरं शिरायची. त्या गेमचं नाव कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स, कॅपकॉमचा, १९९३ चा. मुस्तफा हे त्यातल्या पिवळ्या टोपीच्या गड्याचं नाव. त्याच्या बोर्डावर आवाजाचा प्रोग्रॅम कुलूपबंद असे आणि किल्ली एका बॅटरीवर जगे. बॅटरी संपली की किल्ली पुसली जाते. २०१८ मध्ये कॅपकॉमने आपल्या अशा सात मारधाडीच्या गेमचा संच विकायला काढला, त्यात मुस्तफा नव्हता. पार्लर बंद झाली, बोर्ड मरत चालले आणि दुकानात माल नाही. त्या दप्तरखान्यातल्या कारकुनाचं, मेमचं, मोल अशा वेळी कळतं.

हे आत्ताच लिहायचं कारण २०२४ साल. त्या मार्चमध्ये निन्टेंडोने स्विचचा इम्युलेटर युझू २४ लाख डॉलरच्या तडजोडीत बंद पाडला. एप्रिलमध्ये अॅपलने जुन्या गेमच्या इम्युलेटरांना आपल्या दुकानाचं दार उघडलं आणि मेमध्ये रेट्रोआर्क अॅपल टीव्हीवरही आला. चालू यंत्राची नक्कल केलीत तर कंपन्या सोडणार नाहीत, जुन्याची केलीत तर आता तुमच्यासाठी दारात रांगोळी काढतील. आपण रांगोळीवाल्या बाजूचे. पुस्तकाची हद्दही त्यामुळे फॅमिकॉमपासून पहिल्या प्लेस्टेशनपर्यंत आणि पार्लरच्या यंत्रांपर्यंत आखली आहे. स्वस्त डबीची ताकदही साधारण तिथेच संपते.

वाचकाला अँड्रॉइडचा मेनू उघडता येतो, एवढंच गृहीत धरलं आहे. सेटिंगचे शब्द पडद्यावर दिसतात तसेच ठेवले आहेत. ‘लेटन्सी’ला संस्कृत शब्द घडवून कोणाचं भलं होणार नव्हतं. जिथे दोन मार्ग आहेत तिथे मी माझा मार्ग सांगितला आहे आणि भांडणाला जागा ठेवली आहे. डक हंटवर मात्र प्रकरण नाही. त्याची बंदूक जुन्या काचेच्या टीव्हीवरच चाले: खटका दाबला की पडदा क्षणभर काळा होई, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटे आणि तो उजेड बंदुकीच्या नळीत शिरला तर नेम लागला. सपाट टीव्हीवर हा हिशोब जुळत नाही.

हे ठाऊक असूनही दिवाळीत मी बॉक्स घेऊन गावी गेलो. आईच्या खोलीत जुना टीव्ही अजून आहे. ज्या भोकात टूथपिका मोडल्या होत्या त्यात एव्हीची वायर घातली, डेंडी लावला, आणि त्या फुगीर काचेवर सगळं हुबेहूब आलं. आई दारातून म्हणाली, “बदकांचा आहे ना? बंदूक कुठाय?” बंदूक माळ्यावर होती, पण तिची नऊ पिनांची वायर बॉक्सला लागणार कुठे? मी तिच्या हातात ब्लूटूथ माउस दिला. तिने तो टीव्हीकडे रोखून धरला आणि बटण दाबलं. दोन्ही बदकं उडून गेली, आणि गवतातून कुत्रा वर येऊन पूर्वीसारखाच हसला.